मॅथ रॉक ऐकणारं कोणी आहे का इथे?

आडवाटेचा (रवि, रात्री १०:५०)

परवा मुंबईहून पुण्याला येताना गाडीत गाणी लावली होती. खालापूरच्या अलीकडे बायको म्हणाली, "अडकलंय बघ ते. मघापासून तेच वाजतंय." अडकलं नव्हतं. डॉन कॅबालेरो या बँडचा 'अमेरिकन डॉन' (२०००) हा अल्बम चालू होता. त्यात इयन विल्यम्स गिटारचा एक छोटा तुकडा लूप पेडलमध्ये (वाजवलेलं पुन्हापुन्हा वाजवत राहणारं यंत्र) टाकतो, त्यावर दुसरा चढवतो, मग तिसरा. मी सांगायला गेलो की हे मुद्दाम केलंय. "मुद्दाम?" एवढंच म्हणाली आणि काच खाली केली.

घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून हा धागा.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक म्हणजे बहुतेक वेळा चार मात्रांचा सरळ ठेका, पाय आपोआप हलतो. मॅथ रॉकवाले चालत्या पायाखालची एक पायरी काढून घेतात. पाच, सात, अकरा, तेरा मात्रांचे तुकडे, मध्येच गचका देऊन थांबणं, परत तिथूनच उचलणं. गिटारवर कॉर्ड ठोकण्यापेक्षा बोटांनी टॅप करून विणकाम जास्त. गाणारा असलाच तर मागे कुठेतरी. नाव मात्र थट्टेतून पडलं. शॅवेझ बँडच्या मॅट स्वीनीने सांगितलेली गोष्ट अशी की त्यांचा एक मित्र गाणं चालू असताना ढिम्म उभा राहायचा आणि संपलं की खिशातून कॅल्क्युलेटर काढून गाणं किती चांगलं होतं ते 'मोजायचा'.

माझी सुरुवात स्लिंटपासून. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलची चार पोरं, विशीच्या आसपासची. १९९० च्या ऑगस्टमध्ये शिकागोत चार दिवसांत 'स्पायडरलँड' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, १९९१ मध्ये तो टच अँड गो या रेकॉर्ड कंपनीने काढला, आणि तोवर बँड मोडलासुद्धा होता! मलपृष्ठावर 'गायिका हव्यात, पत्र लिहा' अशी सूचना आणि पत्ता छापलेला. म्हणजे बँड नाही, पण गायिका हवी.

त्यातलं शेवटचं गाणं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'. जहाज बुडालंय, एकटा कप्तान वाचलाय आणि एका घराचं दार वाजवतोय. ही गोष्ट ब्रायन मॅकमहन गात नाही, जवळजवळ पुटपुटतो. खाली बासची तीच ओळ आणि ब्रिट वॉलफर्डचा ड्रम. गिटार मध्येच खरवडल्यासारखी येते आणि जाते. सात मिनिटं हे तुम्हाला असं ताणून धरतं आणि मग अगदी शेवटी तो किंचाळायला लागतो. काय किंचाळतो? तुझी आठवण येते, एवढंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॉस्टेलवर होतो, रूममेट दचकून उठला होता.

तर प्रश्न दोन. तुम्ही काय ऐकता? आणि हे सगळं आलं कुठून?

रिकामा_डबा

गणितात ३५ वर पास झालेल्यांना प्रवेश आहे का? तूर्तास पॉपकॉर्न घेऊन बसतो.

आडवाटेचा

या की. मीसुद्धा एटीकेटीवालाच.

कट्ट्यावरचा_चहा

यात नवीन काय ते कळलं नाही. झपताल, रूपक, धमार आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालू आहेत. गोऱ्यांना पाच-सात मोजता आले की लगेच 'मॅथ'. आणि मूळ विचारताय तर सरळ आहे, सगळं आपल्याकडूनच गेलंय. अमेरिकन मिनिमलिझमचा (एकच छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवत रचना उभी करायची पद्धत) बाप टेरी रायली हा पंडित प्राणनाथांचा शिष्य. विषय संपला.

डग्गा

चहावाले साहेब, विषय आत्ता कुठे सुरू झाला. वीस वर्षं तबला वाजवतोय, त्यामुळे झपतालाची बाजू घ्यायला मला आवडेलच. पण इथे घेता येत नाही.

आधी प्राणनाथांचं. रायलींची 'इन सी' ही रचना १९६४ ची. प्राणनाथांचा गंडा त्यांनी बांधला १९७० मध्ये. म्हणजे क्रम उलटा आहे. एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजवण्याची वाट त्यांना आधीच सापडली होती, गुरू नंतर भेटले. त्यानंतर मात्र ते पुढची २६ वर्षं, म्हणजे पंडितजी जाईपर्यंत त्यांच्यामागे तंबोरा आणि तबला घेऊन बसले. ही गोष्ट मला 'सगळं आपलंच' यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आणि मॅथ रॉकवर ज्याची सावली जास्त पडली तो रायली नव्हे, दुसरा मिनिमलिस्ट संगीतकार स्टीव्ह राईश. तो १९७० मध्ये घानाला गेला, एवे लोकांचं ढोलवादन शिकायला. मलेरिया झाला म्हणून लवकर परतला. पुढे १९७३-७४ मध्ये बालीचं गॅमेलान (तिथला पारंपरिक वाद्यमेळ) शिकला. आपण त्या रांगेत नाही, आणि नाही याचं वाईट वाटून घ्यायचं कारणही नाही.

आता झपताल. दहा मात्रा, २-३-२-३. एकदा ठेका धरला की बंदिश संपेपर्यंत तो हलत नाही. गवई वरती लय बदलून आड करेल, कुआड करेल, तिहाई (तोच तुकडा तीनदा) कुठूनही उचलेल, पण चौकट तीच. मजा येते ती चौकट पक्की आहे म्हणूनच. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे ठरलेलं आहे, आपण फक्त कसा येतो ते बघतो. डॉन कॅबालेरोत असं काहीच ठरलेलं नाही. वाक्य अकरा मात्रांचं झालं कारण ते तेवढंच सुचलं. पुढचं नऊचं, मग चारच. चौकट वाक्याबरोबर जन्माला येते आणि वाक्याबरोबरच मोडते. समेचा वायदा कोणी केलेलाच नाही.

हे मला कळायला वेळ लागला. पहिले पंधरा दिवस मी मांडीवर बोटं आपटत मात्रा मोजत बसलो. मोजणं बरोबर यायचं आणि कानात काहीच शिरायचं नाही. मग एक दिवस वैतागून मोजणं सोडलं आणि गिटारच्या तुकड्याची सरळ पढंत केली, तबल्यातला कायदा पाठ करतो तशी. धा-तिट नव्हे, तोंडाला येईल ते. तीन दिवसांत तोंडात बसलं. आणि बसलं की ते अकरा मात्रांचं राहतच नाही हो, नुसतं एक वाक्य होतं.

रिकामा_डबा

डग्गा, दंडवत. वाचनखूण साठवली. पण पढंत म्हणजे नक्की काय?

डग्गा

हाताने वाजवायच्या आधी बोल तोंडाने म्हणायचे. आमचे गुरुजी म्हणायचे, जे तोंडात नाही ते हातात कुठून येणार.

मिरजकरीण

प्राणनाथांचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, एरवी मी वाचनमात्र. ते किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. आमच्या मिरजेत त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी दर्ग्यात गाणं होतं. मी लहानपणापासून जाते. रायलीबाबांची एक मुलाखत पाहिली, त्यात ते आलापी करतात. उच्चार वेगळे, पण सूर लावण्याआधीची ती थांबण्याची सवय अगदी ओळखीची वाटली.

तुमचं ते स्लिंट मात्र दीड मिनिटात बंद केलं. राग मानू नये.

आडवाटेचा

राग कसला, ताई. दीड मिनिट म्हणजे आमच्या घरातल्या विक्रमापेक्षा जास्तच.

जुनी_तबकडी

मूळ शोधायचं तर १९९१ च्या बरंच मागे यावं लागेल, बाळांनो.

मी कॉलेजात असताना काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (बंद झालं ते, २०१६ मध्ये) महाविष्णू ऑर्केस्ट्राची 'बर्ड्स ऑफ फायर' घेतली होती, १९७३ ची तबकडी. कव्हरला वाळवी लागली, तबकडी शाबूत आहे. शीर्षकगीतच अठरा मात्रांत. जॉन मॅक्लॉफ्लिन गिटारवर आणि बिली कोबम ड्रम्सवर. याच मॅक्लॉफ्लिननी पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांना घेऊन 'शक्ती' काढला. तेव्हा चहावाल्यांना हवा असलेला भारतीय धागा इथे आहे, आणि चांगला जाडजूड आहे. फक्त तो जॅझच्या गल्लीतून येतो.

त्याआधी १९६९ मध्ये कॅप्टन बीफहार्टची 'ट्राउट मास्क रेप्लिका'. गृहस्थाला पियानो येत नव्हता. तो मनाला येईल ते बडवायचा, ड्रमर जॉन फ्रेंच ते उतरवून घ्यायचा आणि मग बँडच्या प्रत्येकाला आपापला भाग शिकवायचा. लॉस एंजेलिसमध्ये एका भाड्याच्या घरात महिनोन्‌महिने तालीम चालली आणि प्रत्यक्ष मुद्रण काही तासांत उरकलं. ऐकताना वाटतं की प्रत्येक जण वेगळ्या खोलीत वेगळं गाणं वाजवतोय. तसं नाहीये. एकेक सूर बसवलेला आहे.

आणि १९८१ चा किंग क्रिम्सन बँड. त्यांचा 'डिसिप्लिन' अल्बम ऐकल्याशिवाय या धाग्यावर बोलू नये असा नियम करावा म्हणतो.

निवांत_नदी

काका, नियम मोडून बोलते. नवऱ्यामुळे हे सगळं कानावर पडत असतं. हुशारी आहे, मान्य. पण यात जीव कुठे आहे? मला तर दर वेळी वाटतं की वाजवणारा माझी परीक्षा घेतोय आणि मी नापास व्हावं अशी त्याची इच्छा आहे.

टिपरू

निवांत_नदी, अर्ध्या बँडांच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. आजकाल इन्स्टावर जे टॅपिंगचे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेचसे टायपिंगच्या परीक्षेसारखे असतात. मिनिटाला इतके शब्द.

पण एक लक्षात घ्या. १९९० च्या आसपासची ही पोरं प्रोग रॉकवाली (लांबलचक, कसरतीच्या रचना करणारी) नव्हती, पंकवाली होती. स्लिंटमधले मॅकमहन आणि वॉलफर्ड स्क्विरल बेट नावाच्या हार्डकोर पंक बँडमधून आलेले. तिकडे कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅगच्या ग्रेग गिनने १९८५ मध्येच 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' काढून चाहत्यांचं डोकं फिरवलं होतं. एकही शब्द नाही, नुसती वेडीवाकडी गिटार. पंकमध्ये नियम मोडायचा असतो ना, मग पंकचाच नियम मोडला. म्हणून त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हुशारीपेक्षा चिडचिड जास्त ऐकू येते, आणि मला ती आवडते.

मी ड्रमर. गणपतीत पथकात ताशा, एरवी ड्रमसेट. डॉन कॅबालेरोचा ड्रमर डेमन चे, त्याला ऐकून एकदा काठ्या ठेवून दिल्या होत्या, आठवडाभर हात लावला नाही. डॉन कॅबालेरोत गिटार साथ करते आणि ड्रम गातो, असं समजा. त्याच्या उलट बॅटल्स या बँडचा ड्रमर जॉन स्टॅनिअर. 'मिरर्ड' (२००७) मधलं 'ॲटलस' ऐका. त्यात पाच-सात काही नाही, सरळ झुलता ठेका, आमच्या पथकातलं पोरगंही धरेल. आणि तो माणूस क्रॅश झांज हात पूर्ण वर केल्याशिवाय पोचणार नाही इतकी उंच लावतो. त्यामुळे प्रत्येक ठोका आधी डोळ्यांना दिसतो, मग कानाला लागतो. ताशावाला काठी उंच का नेतो, तेच.

अवांतर: ध्वनिमुद्रक आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनीच्या बिग ब्लॅक या बँडमध्ये ड्रमर नव्हता, ड्रम मशीन होतं, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव 'रोलंड' असं सदस्य म्हणून छापायचे. आमच्या जमातीचा एवढा अपमान कोणी केला नसेल. पण त्याच अल्बिनीने 'अमेरिकन डॉन' मुद्रित केला आणि डेमन चेच्या ड्रमला खोलीची जी हवा दिली, त्याबद्दल सगळं माफ. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला. दहाच दिवसांनी त्याच्या शेलॅक बँडचा नवा अल्बम बाहेर आला. तो अल्बम मी अजून पूर्ण ऐकलेला नाही. ऐकवत नाही.

अर्बानाची_थंडी

निवांत_नदी, जीव कुठे आहे त्याचा पत्ता देते. अर्बाना, इलिनॉय, वेस्ट हाय स्ट्रीट.

मी तिथे एमएस करायला होते. त्या रस्त्यावर एक साधं पांढरं लाकडी घर आहे, विद्यार्थी भाड्याने राहायचे तसलं. त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीचा फोटो अमेरिकन फुटबॉल या बँडच्या १९९९ च्या अल्बमवर आहे. तीन विद्यार्थी, पदवी संपत आलेली, अल्बम काढला आणि पांगले. कोणी फारशी दखल घेतली नाही. मग इंटरनेटवरून तो हातोहात पसरत गेला आणि २०१४ मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा संसारी, पोरंबाळंवाली. २०२३ मध्ये बँडने, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने आणि आणखी काही जणांनी मिळून ते घरच विकत घेतलं. मी होते तेव्हा लोक बर्फात उभे राहून त्या घराचे फोटो काढायचे आणि आतल्या भाडेकरूंनी पडदे कायमचे ओढलेले असायचे.

गंमत म्हणजे यांना राईशचं वेड. तीच ओळ दोन गिटारींवर थोडी मागेपुढे, आणि मध्येच ड्रम वाजवणारा स्टीव्ह लेमॉस ट्रम्पेट घेतो. मात्रा वाकड्या आहेत हे मला कित्येक महिने कळलंच नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की घरी जायची वेळ झालीये आणि जावंसं वाटत नाहीये.

त्यांचं 'नेव्हर मेंट' वाजवायचं म्हणून गिटार एफ-ए-सी-जी-सी-ई अशी लावायला गेले. नेहमीच्या लावण्यापेक्षा वरच्या काही तारा घट्ट होतात की सैल हे न बघताच खुंट्या पिळल्या, आणि एक तार तुटून गालावर बसली. पण लावल्यावर नुसता हात फिरवला, एकही बोट न दाबता, तरी ते गाणंच वाजल्यासारखं वाटतं. अर्धी जादू त्या लावण्यात आहे.

निवांत_नदी

ऐकलं. दोनदा. नवऱ्याला सांगू नका.

निळी_पाटी

राईशचं निघालंच आहे तर आमच्या जेवणाच्या टेबलावरचा प्रयोग सांगते. 'क्लॅपिंग म्युझिक', १९७२. वाद्य नाही, दोन माणसं, चार हात. बारा मात्रांत आठ टाळ्या: तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक टाळी, रिकामी, दोन टाळ्या, रिकामी. पहिला माणूस शेवटपर्यंत तेच वाजवतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, मग आणखी एक. बारा वेळा सरकला की दोघे परत एकत्र.

आठवीतली भाची सुट्टीत आली होती. मात्रा मोजून तिला जमेना, मलाही. मग तिनेच शब्द लावले: "बटाटा, पोळी, दे, आई." म्हणून बघा, बरोबर तीन-दोन-एक-दोन. प्रत्येक शब्दानंतर एक श्वास. त्यानंतर सुरळीत चाललं, पण पहिल्याच सरकण्याला माझे हात तिच्याकडे ओढले गेले. ती "पो" म्हणतेय आणि मला "ळी" म्हणायचंय, कान ऐकतच नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरी झाली. मधल्या काही जागांवर तर दोघींच्या टाळ्यांतून तिसरंच काहीतरी ऐकू येतं, जे आम्ही दोघीही वाजवत नसतो.

डग्गा म्हणतात ती पढंत हीच का?

डग्गा

हीच. बटाटा-पोळी उद्या क्लासमधल्या मुलांना देतो. श्रेय भाचीचं.

जुनी_तबकडी

निळी_पाटी, आता 'डिसिप्लिन'मधलं 'फ्रेम बाय फ्रेम' ऐकाच. रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बेल्यू, दोन गिटार, सातची एकच ओळ. मग एकाच्या ओळीतून एक सूर गळतो. एक जण तेरात फिरतो, दुसरा चौदात. तुमचंच टाळ्यांचं प्रकरण, फक्त वीजप्रवाह सोडलेला.

रिकामा_डबा

३५ मार्कवाला बोलतोय. तेरा आणि चौदाचा लसावि १८२. म्हणजे दोघे सरळ वाजवत राहिले तर १८२ ठोक्यांनी पुन्हा एकत्र. बरोबर का? शाळेनंतर पहिल्यांदा लसावि काढला.

जुनी_तबकडी

बरोबर. बसा खाली.

कट्ट्यावरचा_चहा

बरं, 'सगळं आपलंच' मागे घेतो. 'थोडं मॅक्लॉफ्लिनमार्गे आपलं' यावर तडजोड करू. पण एक सांगा, हे अजून फक्त अमेरिकेतच चालू आहे का?

टिपरू

छे. आता खरी मजा जपान-तैवानमध्ये आहे. टोकियोचा 'टो' हा बँड: ड्रमर काशिकुरा इतकं हळू आणि इतकं दाट वाजवतो की स्नेअरवर पाऊस पडतोय असं वाटतं. बरेचसे सदस्य आपापला कामधंदा सांभाळून वाजवतात, म्हणून अल्बम कमी आणि सावकाश. क्योटोचा ट्रिको: चाली चक्क गुणगुणण्याजोग्या, खाली ठेका मात्र सतत पाय ओढतो. तैवानमधल्या काओशुंगचा एलिफंट जिम: बहीण बासवर, भाऊ गिटारवर, आणि गाणं पुढे नेते ती बहीण. बास वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही म्हणणाऱ्यांनी बघा.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या टीटीएनजीचा 'ॲनिमल्स' (२००८) पण छान. प्रत्येक गाण्याला एका प्राण्याचं नाव.

रिकामा_डबा

नावं खूप झाली. मला क्रम सांगा. कामावरून घरी आलोय, जेवण झालंय, दीड तास आहे. पहिलं काय लावू?

अर्बानाची_थंडी

अमेरिकन फुटबॉल. गेट उघडंच आहे.

टिपरू

'ॲटलस'. पाय हलू दे आधी.

जुनी_तबकडी

'डिसिप्लिन'. नियम म्हणजे नियम.

आडवाटेचा

तिघांचंही ऐका, पण 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' शेवटी ठेवा आणि हेडफोनवर ऐका. सुरुवातीचं बोलणं इतकं हळू आहे की पंख्याच्या आवाजात बुडून जातं.

रिकामा_डबा

पंखा बंद केलाय.